कल्याणला फाटा फुटतो

"मॅडम, म्हणजे हा माणूस आपल्या लाइनीच्या तोंडावरनं गेला की ओ!"

आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरनं हे वाक्य आलं तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभी होते, आणि खरं सांगते, माझा हात तिथंच थांबला. आम्ही वाचत होतो फ्रेंच लेखक ज्यूल्स व्हर्नची अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज, म्हणजे तिची सोपी केलेली छोटी आवृत्ती, पण मुंबई ते कलकत्ता हा रेल्वेचा भाग मी मुद्दाम पूर्ण इंग्रजी भाषांतरातनं झेरॉक्स काढून आणला होता. त्यात एक ओळ आहे. गाडी साष्टीचं बेट ओलांडून कल्याणला येते, आणि तिथून खंडाळा-पुण्याकडे, आग्नेय भारतात उतरणारी एक लाइन फुटते. ८० दिवसांत जगाला फेरी मारायची पैज लावून निघालेला गोष्टीतला इंग्रज, फिलिअस फॉग, त्या लाइनीला जात नाही. तो घाट चढून खानदेश-बऱ्हाणपूरकडे निघून जातो, आणि पुस्तकात त्या फाट्याचा पुन्हा उल्लेखसुद्धा येत नाही.

पण ती लाइन सोलापूरची आहे. पुण्याहून पुढं दौंड, कुर्डुवाडी, मोहोळ, सोलापूर. रेल्वे आपल्या गावात १८६० मध्ये आली, बोरघाट १८६३ मध्ये जोडला गेला, आणि फॉग लंडनहून निघतो २ ऑक्टोबर १८७२ ला. म्हणजे त्याची गाडी कल्याणला आली त्या रात्री सोलापूरचा एखादा माणूस कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर उभा असू शकत होता, अगदी खराखुरा. त्या पोरानं हे सगळं गणित केलं नव्हतं, त्यानं फक्त झेरॉक्सवर कल्याण वाचलं आणि त्याला सिद्धेश्वर एक्सप्रेस आठवली, कारण त्याचा मामा कल्याणला राहतो आणि दर उन्हाळ्यात हे लोक पहाटे तिथंच उतरतात. मी १९ वर्षं इंग्रजी शिकवतेय आणि ती ओळ मी कितीतरी वेळा वाचली होती, मला कधी दिसलं नाही ते त्याला पहिल्यांदा दिसलं.

आमची शाळा मराठी माध्यमाची, सोलापूरच्या पूर्व भागातली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पूर्व भाग म्हणजे यंत्रमागाचा भाग, खिडकी उघडी ठेवली की दिवसभर मागाची खटखट, पोरांना ती ऐकूच येत नाही इतकी अंगवळणी पडलेली. बऱ्याच घरांत वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळते, आणि घरात बोलणं तेलुगूत. गल्लीत कन्नड, दुकानावर हिंदी-उर्दू, शाळेत मराठी. आणि २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी. म्हणजे आठवीत येईस्तोवर सात वर्षं इंग्रजी झालेलं असतं, रिकाम्या जागा भरा येतं, अनेकवचन येतं, पण "तुला पाणी हवंय का" एवढं कोणी इंग्रजीत विचारलं की मान खाली. त्यात पोरांचा दोष नाही आणि मी तर म्हणेन आधीच्या शिक्षकांचाही नाही, त्यांना इंग्रजीत कुठं जायचंच नव्हतं कधी. प्रश्नाचं उत्तर वहीत, वही टेबलावर, टेबलावरनं कपाटात, संपलं.

हे पुस्तक घेतलं त्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. धडा वाचला, शब्दार्थ दिले, हू सेड टू हूम, खाली दहा प्रश्न, आणि पंधरा दिवसांत एवढ्या मजेदार गोष्टीचं मी चिपाड करून टाकलं, एक मुलगी मला येऊन म्हणाली मॅडम तो पोचतो का नाही तेवढं सांगा मराठीत. दुसऱ्या वर्षी ठरवलं, हे पुस्तक पुस्तकाच्याच तारखेनं करायचं. २ ऑक्टोबर ते २१ डिसेंबर, मोजून ८० दिवस. २ ऑक्टोबरला गांधी जयंती, पोरं सफाईला शाळेत येतातच, त्या दिवशी जगाचा नकाशा भिंतीला लावला आणि लंडनवर एक खिळा ठोकला. एकाच्या घरनं लाल सुताची कांडी आली, मागावर लागते ती, आणि फॉग जसजसा पुढं जाईल तसतसं सूत पुढं. लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कलकत्ता ३, मग हाँगकाँग १३, योकोहामा ६, सॅन फ्रान्सिस्को २२, न्यूयॉर्क ७ आणि परत लंडन ९. हा पैज लावतानाचा हिशोब आहे, क्लबातल्या पेपरात छापलेला, आणि बेरीज बरोबर ८०. दिवाळीच्या सुट्टीत फॉग समुद्रावर असणार याचं मला फार बरं वाटलं, बोटीवर फारसं काही घडत नाही.

मधे एकदा एक साहेब तपासणीला आले, त्यांनी नकाशा बघितला, सूत बघितलं आणि विचारलं पोर्शन कुठवर आलाय. मी सांगितलं कुठवर आलाय ते. पोर्शन मागे नव्हता, पण त्या प्रश्नानं दोन दिवस मन खट्टू राहिलं, कारण वर्गात त्या वेळी हत्ती उभा होता.

हत्तीचं सांगते. गाडी मधेच थांबते, गार्ड ओरडतो सगळ्यांनी उतरा, पुढं रूळच नाहीत. साधारण ५० मैल लाइन टाकायची राहिलीय, अलाहाबादपासून पुन्हा सुरू. (खरं तर मुंबई-कलकत्ता लाइन १८७० मध्येच पूर्ण झाली होती, पण गोष्टीला अडचण हवी म्हणून व्हर्ननं रूळ तोडले असणार, आणि मला शिक्षक म्हणून ते तुटलेले रूळ फार कामाला आले.) आता फॉगला हत्ती हवाय आणि मालकाला विकायचा नाही. तासाला १० पौंड, २०, ४०, नाही. मग विकतच देतो का, १०००. नाही. १२००, १५००, १८००, शेवटी २०००. मी चिठ्ठ्या टाकल्या. फॉग झाली एक बोलकी मुलगी, आणि हत्तीच्या मालकाची चिठ्ठी निघाली अशा मुलाची ज्याचा आवाज मी जूनपासून फक्त हजेरीला ऐकला होता. घरी तेलुगू, मराठीसुद्धा जपून बोलणारा. वर्गात कुजबुज झाली, त्याला नको मॅडम, तो बोलत नाही. मी म्हटलं मालकाला फक्त नो म्हणायचंय की रे.

तो उभा राहिला. हत्ती म्हणून दोन बाक जोडलेले, त्यावर एक चादर. त्यानं त्या बाकावर हात ठेवला, नुसता ठेवला नाही, खरंच जनावर असल्यासारखा पंजा उघडून ठेवला. मुलगी म्हणाली, टेन पाउंड्स पर अवर. तो म्हणाला, नो. ट्वेंटी. नो. फॉर्टी. नो. मग हजार. अख्खा वर्ग ओरडायला लागला दे की बे, घे की बे, आणि हा म्हणाला, "नो मॅडम. ही इज माय हाऊस. ही ईट विथ अस."

चुकीचं इंग्रजी आहे, मला माहीत आहे. त्या क्षणी मी खडू खाली ठेवला आणि एक शब्द दुरुस्त केला नाही, आणि आजही मला वाटतं तो माझ्या नोकरीतला सगळ्यात बरोबर निर्णय होता. कारण दोन हजारावर बोली गेल्यावर त्यानं पैसे घ्यायच्या आधी विचारलं, "यू गिव्ह हिम फूड? एव्हरी डे?" प्रश्न. कोणी न शिकवलेला, कोणी न सांगितलेला, कारण त्याला खरंच उत्तर हवं होतं. फॉग झालेली मुलगी गडबडली, पुस्तकात असं काही नाही, मग म्हणाली, येस, एव्हरी डे, आय प्रॉमिस. तेव्हा त्यानं बाकावरचा हात काढला. पुढं आठवड्यानं आम्ही वाचलं की अलाहाबादला पोचल्यावर फॉग तो हत्ती वाट दाखवणाऱ्या पारशी माणसाला देऊन टाकतो, तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं तर तो हळूच म्हणाला, गुड.

घासाघीस ही पोरांना जन्मापासून येते. भाजी मंडईत आईच्या मागं उभं राहून चार भाषांत येते. नुसती पाचवी भाषा त्यात घालायची होती.

आणि यावरनंच मला फॉगच्या नोकराचं नाव फार आवडतं, पासपार्तू. पोरं आधी पासपार्टआउट म्हणायची. मी सांगितलं फ्रेंचमध्ये याचा अर्थ सगळीकडनं निघून जाणारा, कुठलंही कुलूप उघडणारी किल्ली. मग प्रत्येकानं आपला पासपोर्ट बनवला, वहीच्या पुठ्ठ्याचा, त्यात नाव, उंची, आणि शेवटी एक रकाना, लँग्वेजेस आय कॅन स्पीक. पोरांनी तिथं काय लिहिलं माहितीये? मराठी. बस. एकानं मराठी, लिटल इंग्लिश. मी एकेकाला उभं करून विचारलं घरी काय बोलता, आजीशी काय, पानवाल्याशी काय, शेजारच्या काकूशी काय, आणि रकाने भरायला लागले. एका मुलीचे पाच झाले, पाचवी तिची आजी इंडीकडची म्हणून कन्नड. ती पासपोर्टकडे बघत राहिली. हे मला फार लागलं, आतून लागलं, की चार-चार भाषा पाण्यासारख्या बोलणाऱ्या लेकरांना आपण असं वाटायला लावलंय की त्यांना भाषा येत नाही.

छोट्या छोट्या गोष्टी बऱ्याच केल्या, सगळ्या सांगत बसत नाही. फॉग पहिल्याच प्रकरणात आपल्या आधीच्या नोकराला काढून टाकतो कारण दाढीचं पाणी ८६ अंश फॅरनहाइटऐवजी ८४ आणलं, तर आम्ही प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून शाळेच्या टाकीचं पाणी मोजलं, ऑक्टोबरच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्या ८६ च्या वरच निघालं. म्हणजे ३० सेल्सिअस, त्यात काय एवढं, सोलापुरात मे महिन्यात नळाच्या पाण्यानं हात भाजतो. टू हॉट, टू कोल्ड, हॉटर दॅन, सगळं एका बादलीत झालं. पासपार्तू घाईत खोलीतला गॅस चालू ठेवून निघतो आणि त्याचं बिल त्यालाच भरायचंय, दिवसाला २ शिलिंग. हे तर प्रत्येक मुलीला कळलं, गॅस चालू राहिला ही आपल्याकडे केवढी मोठी भीती. ८० दिवसांचे १६० शिलिंग, म्हणजे ८ पौंड, आणि गृहपाठ होता पासपार्तूनं शेजाऱ्याला पाठवायची तार, दहा शब्दांत. प्लीज टर्न ऑफ माय गॅस, आय ॲम इन सुएझ. मोजा, बरोबर नऊ होतात, एक शब्द वाचवल्याबद्दल त्या पोरीला टाळ्या.

कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर मात्र आम्ही चांगले चार दिवस राहिलो. प्रत्येकानं एक सोलापूरकर बनवायचा, १८७२ चा, जो त्या रात्री कल्याणला फॉगच्या डब्यात चढतो, आणि त्याच्याशी एक पान संवाद. कोणाकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कोणी सिद्धरामेश्वराचा अंगारा देतंय, कोणी विचारतंय वुईच व्हिलेज यू. एकानं आपल्या माणसाच्या हातात सोलापुरी चादर दिली आणि दुसरा उठून भांडायला लागला, की मॅडम जुनी गिरणीच १८७७ ला सुरू झाली, चादर कुठनं आणली यानं. मग वाद. हातमाग होते की. हातमागावर लुगडी, धोतरं. मग चादर नको, धोतर दे. इंग्रज धोतर काय करेल? ही कॅन ड्राय हिज फेस. हा सगळा वाद अर्धा मराठी अर्धा इंग्रजी, मी मधे पडले नाही. दुसऱ्या दिवशी एकजण वडिलांच्या कारखान्यातनं एक्स्पोर्टच्या टॉवेलवरचं लेबल घेऊन आला, धुण्याच्या सूचना, पत्ता, सगळं इंग्रजीत, आणि म्हणाला आमचा टॉवेल जातो मॅडम, ट्रकनं न्हावा शेवाला आणि तिथनं बोटीनं, फक्त आम्ही जात नाही. भिंतीवरच्या नकाशावर दुसरं सूत त्या दिवशी लागलं, पांढरं, सोलापुरापासून.

आता जे सगळ्यात अवघड होतं ते. व्हर्न भारतात कधी आला नव्हता. त्यानं भारत ऐकून, वाचून लिहिला, आणि त्याच्या पुस्तकातला हा भाग वाचताना अंगावर काटा येतो, चांगला नाही. जंगलात कालीच्या नावानं मिरवणूक, नशेत झिंगलेले लोक, आणि एका तरुण विधवेला सती घालायला नेतायत, आणि मग युरोपातनं आलेले लोक तिला वाचवतात. हे गाळावं का, असं मी दोन रात्री डोक्यात घोळवलं. सोप्या आवृत्तीत ते गुळगुळीत करून टाकलेलं आहेच. पण मला वाटलं पोरं मोठी आहेत, आणि सती हे काही खोटं नव्हतं, १८२९ चा कायदा उगाच नाही झाला. म्हणून वाचलं. वर्ग एकदम गप्प. मग एकजण म्हणाला, मॅडम हे असं का लिहिलंय आपल्याबद्दल? सगळे असे होते होय?

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं त्यालाच विचारा. तो १९०५ मध्ये गेला, पण पत्र लिहायला काय हरकत आहे. त्या वर्षभरात सगळ्यात जास्त इंग्रजी त्या दोन तासांत लिहिलं गेलं, अक्षरशः पानं मागून घेत होते. डिक्शनरीसाठी भांडण, कारण जो राग मनात होता त्याला शब्द हवा होता, अँग्री पुरत नव्हता. एका पत्रात होतं, डिअर मिस्टर व्हर्न, यू डिड नॉट कम टू अवर हाऊस, सो यू डू नॉट नो. दुसऱ्यात, सम थिंग इज ट्रू, बट नॉट ऑल पीपल. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि आम्ही ते मिळून नीट केलं, सम ऑफ इट इज ट्रू, बट नॉट ऑल पीपल वेअर लाइक धिस. या वेळी दुरुस्ती कोणाला लागली नाही, कारण पत्र खरंच पोचायला हवं होतं असं प्रत्येकाला वाटत होतं. आणि मुलींनी वेगळंच शोधलं. ती वाचवलेली आउदा, मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, उत्तम इंग्रजी शिकलेली, मग ती एवढी कमी का बोलते? पेन्सिलनं खुणा करत बसल्या तिच्या वाक्यांवर. पानंच्या पानं ती नुसती बघते, काळजी करते, आभार मानते. आणि शेवटी लग्नाचं विचारते कोण? तीच. फॉग नाही. हे सापडलं तेव्हा मुलींच्या बाजूनं जो आवाज झाला तो शेजारच्या वर्गात गेला. मग आउदाची डायरी लिहिली त्यांनी, बोटीवरची, जिथं व्हर्ननं तिला गप्प बसवलं तिथली प्रत्येक तारीख.

त्याच आठवड्यात भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकात गेलो. सोलापूरला जन्मलेला माणूस, १९१० चा, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेला, चिनी भाषा शिकला, तिथंच लग्न केलं आणि १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथंच गेला. पैज नव्हती, परत यायची तारीख नव्हती. नकाशावर तिसरं सूत लावलं, ते एकाच बाजूचं.

आणि घड्याळ. पुस्तकाचा सगळा जीव त्या एका दिवसात आहे, फॉगला वाटतं आपण उशिरा पोचलो, पैज हरलो, २०,००० पौंड गेले, आणि पासपार्तू पाद्रीकडे लग्नाचं ठरवायला जातो तेव्हा कळतं आज रविवार नाही, शनिवार आहे. पूर्वेकडं जात राहिल्यामुळे एक अख्खा दिवस गाठीशी जमा झाला. पृथ्वीचे ३६० अंश, दर अंशाला ४ मिनिटं, १४४० मिनिटं, म्हणजे २४ तास. हे सांगून कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक हिशोबाची वही होती, प्रत्येक मुक्कामाला किती मिनिटं जमा. आणि २१ डिसेंबरला आम्ही मैदानात काठी रोवली, सावली सगळ्यात छोटी केव्हा होते बघायला. बारा वाजले, सावली अजून कमीच होतेय. सव्वाबारा, अजून. साडेबाराच्या थोडं अलीकडे ती थांबली. भारताचं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आणि सोलापूर ७६ च्या जवळ, साडेसहा अंशांचा फरक, २६ मिनिटं. म्हणजे आपल्या गावाचा दुपारचा सूर्य रोज घड्याळाच्या मागनं येतो आणि इतकी वर्षं कोणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्याच दुपारी हिशोबाची वही बेरीज करून २४ तासांवर आली. फॉगनं ८० वेळा सूर्य डोक्यावर आलेला पाहिला, त्याच्या क्लबातल्या मित्रांनी ७९ वेळा. द सन इज लेट इन सोलापूर, असं एकीनं वहीत लिहिलं, त्याखाली मी बरोबरची खूण केली.

पासपार्तू सगळ्या प्रवासात आपलं घड्याळ लंडनच्या वेळेवरच ठेवतो, हट्टानं, बदलायचंच नाही म्हणतो. म्हणून वर्गातही एक जुनं घड्याळ लंडनचं हवं होतं. साडेपाच तास मागे. मी काटे फिरवायला स्टुलावर चढले तर तो कल्याणवाला पोरगा म्हणाला, थांबा ओ मॅडम, काटे कशाला, घड्याळच उलटं टांगा. मला कळलं नाही. त्यानं चालू घड्याळ काढलं, बाराचा आकडा खाली केला आणि परत लावलं. अकरा वाजलेले होते इथं. उलट्या घड्याळात साडेपाच. लंडनला पहाटेचे साडेपाचच असतात हो त्या वेळी, हिवाळ्यात. दिवसभर बघत राहिलो, दर तासाला बरोबर.

ती बॅच गेली. घड्याळ तिथंच आहे. सुट्टीत झाडलोट करताना शिपाईमामा ते दर वेळी सरळ करून ठेवतात, चांगल्या मनानंच, आणि नवीन आठवीतलं कोणी ना कोणी बाकावर चढून परत उलटं करतं, मी सांगायच्या आधी, कारण मोठ्या भावानं नाहीतर बहिणीनं घरी सांगितलेलं असतं. गेल्या डिसेंबरात एक बारकी मुलगी चढली होती. मी दारात होते. तिनं घड्याळ लावलं, दोन पावलं मागे येऊन बघितलं, बोटावर काहीतरी मोजलं आणि खालच्यांना म्हणाली, क्वार्टर टू सिक्स, दे आर स्लीपिंग. इथं सव्वाअकरा झाले होते, बाहेर माग चालू होते, आणि मी हजेरी घ्यायला आत गेले.